बाराव्या दिवशी केलेली सही

परभणीत मी बावीस वर्षं लोकांना मोटार चालवायला शिकवते आहे. म्हणजे बावीस वर्षं मी गाडीत डावीकडं बसून आहे. नव्या ओळखीचे लोक कौतुकानं म्हणतात, "मॅडम, तुम्ही तर किती गाडी चालवली असेल!" खरं उत्तर असं की फार थोडी. मी फिरले पुष्कळ, पण ते सगळं दुसऱ्यांनी फिरवलेलं आहे, आणि त्यातलं बरंचसं पहिल्या गिअरमध्ये.

धंदा मूळचा आमच्या ह्यांचा. वसमत रोडला एक गाळा, दोन गाड्या आणि भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचे तक्ते. मी कागदपत्रं बघायची. पुढं खड्ड्यांमुळं ह्यांच्या कमरेचा मणका सरकला. डॉक्टरांनी गाडीत बसायचं बंद केलं, तेव्हा हे टेबलामागं आले आणि मी टेबलामागून उठून गाडीत गेले. आधी वाटलं होतं, बायकाच शिकायला येतील. आल्याही. पण वर्षाभरात पुरुषही "बाईंचीच बॅच द्या" म्हणायला लागले. कारण साधं आहे. पुरुष माणूस घाबरला की म्हणतो, क्लच घट्ट आहे. दुसरा पुरुष त्याला हसतो. मी म्हणते, "हो, थोडा घट्टच आहे." मग तो शांतपणे शिकतो.

ज्यांना या धंद्याची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या गाडीत डावीकडं आणखी एक ब्रेक आणि एक क्लच असतो. मी रस्त्याकडं एक डोळा ठेवते आणि दुसरा शिकणाऱ्याच्या पायांकडं. पाय काय करायच्या बेतात आहेत हे त्याच्याआधी मला कळतं. गाडी पुढं न्यायला माणूस चार-पाच दिवसांत शिकतो. क्लच, गिअर, स्टेअरिंग, हे सगळ्यांना जमतं. ज्यांना सायकल येत नव्हती त्यांनाही जमलेलं मी पाहिलं आहे. उरलेले दिवस असतात थांबायला शिकण्यासाठी. कुठं थांबायचं, किती आधी थांबायचं, कुणाला जाऊ द्यायचं. कोर्स एकवीस दिवसांचा आहे तो त्यासाठीच. पण बाई, मला थांबायला शिकवा, असं म्हणत आजवर एकही माणूस गाळ्याची पायरी चढलेला नाही.

सगळ्यात अवघड गिऱ्हाईक कोण, तर ज्याला आधीच येतं ते. ताडकळसचे विठ्ठलराव हे त्यातले अव्वल. वय पंचावन्न, धोतर, टोपी. मिसरूड फुटायच्या आधीपासून ट्रॅक्टर चालवत होते. मुलानं मोटार घेतली आणि लायसन काढल्याशिवाय चावी देणार नाही म्हणाला, म्हणून नाइलाजानं आले. पहिल्या दिवशी आमच्या ह्यांना त्यांनी सांगितलं, "मास्तर, मला शिकवायचं काई न्हाई. निसता कागद पायजे."

गाडीत बसल्यावर त्यांनी आरसा स्वतःकडं वळवला, मिशा बघितल्या आणि तो तसाच ठेवला. एक हात स्टेअरिंगवर, दुसरा खिडकीच्या बाहेर. हा बाहेरचा हात वळण्याचा इशारा द्यायला नव्हता. तो राम राम करायला होता. ताडकळसच्या रस्त्यावर त्यांच्या ओळखीचे लोक फार. प्रत्येकाला हात, प्रत्येकाला हॉर्न, आणि कुणी विशेष जवळचा दिसला की रस्त्याच्या मधोमध गाडी उभी करून ख्यालीखुशाली.

तिसऱ्या दिवशी मी सांगितलं, "विठ्ठलराव, आज हॉर्न वाजवायचा नाही."

त्यांना ऐकू आलं नाही असं वाटलं. थोड्या वेळानं म्हणाले, "बाई, हारन न्हाई तर मंग गाडी चालवायची कशानं?"

"ब्रेकनं."

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी पेरणी छत्रीनं करायला सांगितली. पण माणूस इमानी. शब्द दिला तर पाळणारा. त्या दिवशी पुढं एक म्हैस आली, तिच्यामागं आणखी तीन आल्या. विठ्ठलरावांचा अंगठा हॉर्नपर्यंत गेला आणि परत आला. त्यांनी गाडी थांबवली. म्हशी सावकाश गेल्या. गाळ्याजवळ उतरताना म्हणाले, "बाई, चाळीस वर्सं झाली, पर म्हैस कवा पुरी जाऊस्तर बघितलीच न्हवती."

एकवीस दिवसांनंतर त्यांनी स्वतःहून आणखी पाच दिवस मागितले. आरशाचे पाच दिवस, असं ते म्हणायचे. त्यांच्याविषयी लिहिताना मला अभिमान वाटतो हे कबूल करते. आता ज्याच्याविषयी अभिमान वाटत नाही ते.

मानवतला शेठ म्हणून एक व्यापारी आहेत. कापूस आणि धान्याचा व्यवहार, मोंढ्याच्या बाजारात नाव, बोलणं गोड. त्यांचं पूर्ण नाव इथं देत नाही. मानवतला त्यांना सगळे नुसतं शेठच म्हणतात. त्यांचा एकुलता एक मुलगा निखिल. वय चोवीस. तो शिकायला आला तो पहिल्या दिवसापासून सुंदर गाडी चालवत होता. सुंदर हा शब्द मी उगाच वापरत नाही. गिअर बदललेला कळायचा नाही. अरुंद गल्लीत गाडी मागं घेताना त्याचे हात एखाद्या कसबी शिंप्यासारखे चालायचे. बापाची गाडी तो लपूनछपून आधीच चालवत होता हे उघड होतं.

पण तो थांबायचा नाही. चौकात समोरचा थांबेल असं धरून चालायचा, आणि समोरचा थांबायचाही. मोबाईल मांडीवर ठेवायचा. वाजला की त्याची नजर खाली जायची, एक-दोन क्षणच, आणि वर यायची. मी म्हणायची, "निखिल, मोबाईल मागच्या सीटवर." तो हसून ठेवायचा. दुसऱ्या दिवशी परत मांडीवर.

बाराव्या दिवशी शेठ स्वतः आले. पेढ्यांचा पुडा होता. निखिलचं लग्न ठरलं होतं, मुलगी गंगाखेडची, आठ दिवसांवर हळद. त्याच्या आत पक्कं लायसन हवं होतं, म्हणजे नव्या नवरीला घेऊन देवदर्शनाला स्वतः गाडी नेता येईल. त्यासाठी आमच्या शाळेचं प्रमाणपत्र लागतं, की या माणसानं आमच्याकडं पूर्ण प्रशिक्षण घेतलं आहे. त्यावर शिकवणाऱ्याची सही असते.

"अजून नऊ दिवस राहिलेत, शेठ," मी म्हणाले.

"बाई, पोरगं चालवतंय की. तुमीच सांगा, हात कसा हाय त्याचा?"

"हात चांगला आहे."

"मंग?"

हे टेबलामागून माझ्याकडं बघत होते. मी मनाशी म्हणाले, नऊ दिवसांत असा काय फरक पडणार आहे? लग्न झालं, संसार मागं लागला की आपोआप पोच येईल. सही केली. शेठनी सगळ्यांना पेढा दिला. तो मी खाल्ला, हेही सांगायला हवं.

आरटीओच्या मैदानावर निखिल पहिल्या फटक्यात पास झाला. त्यात परीक्षा घेणाऱ्या साहेबांचा काही दोष नाही. पुढं घ्या, मागं घ्या, चढावर उभी करून उचला, हे सगळं त्यानं बिनचूक केलं. पाहुण्यांसमोर सगळीच मुलं शहाण्यासारखी वागतात. सवय बघायला पाहुणा पुरत नाही. ती बघायला मी होते.

पुढचा हिवाळा. ऊस तोडणीचे दिवस. गंगाखेडकडच्या रस्त्यावर त्या दिवसांत ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या ऊस भरून चाललेल्या असतात. ट्रॉलीच्या मागं दिवा असतोच असं नाही, आणि असला तरी उसाच्या लोंबत्या वाढ्यांखाली दिसत नाही. अशीच एक ट्रॉली टायर फुटून रस्त्याच्या कडेला, अर्धी रस्त्यावर, उभी होती. मागं दोन दगड आणि एक बाभळीची फांदी. आपल्याकडं हीच धोक्याची खूण. दिवस नुकताच मावळलेला. निखिल आणि त्याची बायको अश्विनी तिच्या माहेराहून परत येत होते.

इथं धंद्यातली एक गोष्ट सांगावी लागते. समोर अचानक काही आलं की चालवणारा स्वतःला वाचवतो. ठरवून नाही, हातच वळतात. आपल्याकडं चालवणारा उजवीकडं बसतो, म्हणून गाडी उजवीकडं वळते आणि डावी बाजू आपटते. निखिलच्या कपाळाला चार टाके पडले. अश्विनीचा डावा पाय दोन ठिकाणी मोडला, खांद्याचं हाड गेलं. नांदेडला तीन ऑपरेशनं झाली. पायात सळई घातली.

बातमी मला गाळ्यात कळली. मी आत जाऊन जुनी फाईल काढली. प्रमाणपत्राची आमची प्रत तिथं होती. प्रशिक्षणाचे दिवस एकवीस, आणि खाली माझी सही. अक्षर नेहमीपेक्षाही चांगलं आलं होतं.

गुन्हा दोघांवरही नोंदला गेला, निखिलवर आणि ट्रॉलीवाल्यावर. निखिलचं लायसन काही महिने अडकलं, मग मिळालं. मानवतच्या मोंढ्यात मात्र शेठ सगळ्यांना एकच सांगायचे: ट्रॉलीला दिवा नव्हता. ते खरंच होतं. ट्रॉलीला दिवा नव्हता.

मी अश्विनीला भेटायला गेले नाही. दोनदा निघाले, दोनदा बसस्टँडवरून परत आले. त्याऐवजी मी दुसरं काम काढलं. लाल चमकणाऱ्या पट्ट्यांची भेंडोळी आणली आणि ह्यांना म्हणाले, आपण ट्रॉल्यांना लावू. ट्रॉलीवाले आम्हाला उभे करीनात. त्यांना वाटायचं, कुठल्या तरी खात्याकडून आलेत, आता पावती फाडतील. तेव्हा मला विठ्ठलराव आठवले. फोन केला. ते दुसऱ्या दिवशी धोतर-टोपीत हजर. रस्त्याच्या कडेला उभं राहून ते नुसता हात वर करायचे आणि ट्रॅक्टर थांबायचे, कारण अर्ध्यांना ते ओळखत होते आणि उरलेल्या अर्ध्यांना ते ओळखत असल्यासारखं दाखवत होते. एका जवान ड्रायव्हरनं विचारलं, "काका, ही पट्टी लावून काय मिळणार हाय?"

विठ्ठलराव म्हणाले, "तुला काई न्हाई. मागून येणाराला मिळंल."

पोरगं हसलं आणि उतरून स्वतः ट्रॉलीचं मागचं फळकूट पुसायला लागलं. त्या हंगामात आम्ही पुष्कळ ट्रॉल्यांना पट्ट्या लावल्या. किती, ते मोजलं नाही. माझ्या मनातलं काही त्यानं हललं नाही, एवढं मात्र नोंदवते.

अपघातानंतर सव्वा वर्षानं एके सकाळी गाळ्यासमोर एक गाडी थांबली. मागच्या दारातून एक मुलगी काठीच्या आधारानं उतरली. तिच्यामागून शेठ. शेठ वाळले होते. मुलगी पायरी चढून आत आली, खुर्चीत बसली आणि म्हणाली, "मी अश्विनी. मला गाडी शिकायची आहे."

शेठ तिच्या मागं उभे राहून मला डोळ्यांनी नाही-नाही खुणावत होते. मग बोललेच. "बाई, तुमी समजावा हिला. पायात सळई हाय. घरात दोन-दोन ड्रायव्हर असताना..."

"मामा," अश्विनी शांतपणे म्हणाली, "मी आता कुणाच्या शेजारी बसू शकत न्हाई. मागं बसले तरी छातीत धडधड होते. मंग एकच जागा राहते."

तिनं डॉक्टरांची चिठ्ठी आणली होती. चालवायला हरकत नाही, सावकाश, असं लिहिलेलं. ह्यांनी ती दोनदा वाचली आणि रजिस्टर उघडलं.

क्लच डाव्या पायानं दाबायचा असतो. तिचा मोडलेला पाय तोच. पहिले आठ दिवस क्लच दाबला की ती ओठ आवळायची. दहा मिनिटांनी घाम फुटायचा. मी म्हणायची, थांबू या. ती म्हणायची, "अजून एकदा." शेठ मागच्या सीटवर बसलेले असायचे. त्यांनी तशी अटच घातली होती. वळण आलं की ते पुटपुटायचे, सून गिअर बदलायला लागली की डोळे मिटायचे. चौथ्या दिवशी मी त्यांना सांगितलं की मागून देवाचं नाव घेतलं की पुढच्या माणसाला वाटतं काही तरी होणार आहे. त्यानंतर ते मनातल्या मनात घ्यायला लागले. आठव्या दिवशी ते आलेच नाहीत. घरी बसून घेत असावेत.

नवव्या दिवशी आम्ही दोघीच होतो. पिंगळीच्या बाजूला एका निंबाखाली मी गाडी थांबवायला सांगितली. मला सांगायचं होतं आणि रोज ते राहून जात होतं.

"अश्विनी, निखिल माझ्याकडं बाराच दिवस आला होता. मी एकवीस लिहून सही केली. त्याला थांबायला येत नव्हतं, आणि ते मला माहीत होतं."

ती म्हणाली, "मला माहीत आहे."

"कुणी सांगितलं?"

"दवाखान्यात पडल्या पडल्या विम्याचे सगळे कागद मीच वाचले. दुसरं काय करणार? त्यात तुमची सही होती. मी ह्यांना विचारलं, एकवीस दिवस गेला होतात का. ते खोटं बोलायला लागले की कान चोळतात."

"मग तू माझ्याकडं कामून आलीस? परभणीत दुसऱ्या शाळा आहेत."

"दुसरीकडं गेले असते तर पाय बघून त्यांनी दया केली असती. पंधरा दिवसांत जा म्हणाले असते. तुमी आता कुणालाच सोडणार न्हाई." तिनं काठी मागच्या सीटवर सरकवली. "चालू करू का?"

मी हो म्हणाले. माफ केलं की नाही हे ती बोलली नाही. मीही विचारलं नाही. त्या दिवशी तिनं पहिल्यांदा गाडी झटका न देता उचलली.

परीक्षेत ती नापास झाली. चढावर पायात गोळा आला आणि गाडी मागं घरंगळली. तिथंच बसून ती पाच मिनिटं रडली, मग पदरानं तोंड पुसून तिनं पुढची तारीख विचारली. दुसऱ्या वेळी पास झाली. तिला मी एकूण सत्तावीस दिवस शिकवलं. तिच्या प्रमाणपत्रावर सही करताना माझं अक्षर जरा हललं होतं.

लायसन घरी आलं त्या दिवशी अश्विनीनं मानवतला सगळ्यांसमोर जाहीर केलं, की निखिलनं बाईंकडं पहिल्या दिवसापासून परत शिकून त्यांची सही आणल्याशिवाय घरातलं कुणी त्याच्या गाडीत बसणार नाही. शेठ म्हणाले, त्याच्याकडं लायसन आहे. ती म्हणाली, "तेच तर."

हे मला निखिलनंच सांगितलं, माझ्या गाडीत बसून. तो आता बारीक, गप्प झाला होता. कपाळावर चार टाक्यांची रेघ. मी त्याला पहिल्या दिवशी करतात तेच करायला लावलं: खाली उतर, गाडीभोवती एक फेरी मार, चाकं बघ, मागं कुणी लेकरू बसलंय का बघ. त्यानं निमूटपणे केलं. मोबाईल मी सांगायच्या आधी मागच्या सीटवर ठेवला.

चौदाव्या दिवशी मी त्याला गंगाखेडच्या रस्त्याला घेतलं. सकाळची वेळ. ट्रॉली उभी होती ती जागा मला माहीत नव्हती. ती त्याच्या पायांवरून कळली. त्याचा पाय आधी ॲक्सिलरेटरवरून उठला, मग त्यानं गाडी कडेला घेतली, इशारा दिला आणि थांबला. इतकं व्यवस्थित तो माझ्याकडं कधी थांबला नव्हता. इंजिन बंद केलं. दोन्ही हात स्टेअरिंगवरच.

"बाई, ट्रॉलीला दिवा नव्हता," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"पण पट्टी असती तरी मला दिसली नसती. मी मोबाईल बघायलो होतो. मोंढ्यातल्या मित्रानं कापसाच्या गाडीचा फोटो पाठवला होता. उलटलेली गाडी. हसायला म्हणून."

शेजारून एक एसटी गेली, त्या वाऱ्यानं आमची गाडी हलली.

"अश्विनीला सांगितलंस?"

"ती बघायली होती की. ती म्हणली, समोर बघा. तेच म्हणली शेवटचं. मंग सहा महिने दवाखान्यात होती, पोलीस आले, माझे वडील रोज तिच्या उशाशी बसून म्हणायचे ट्रॉलीला दिवा नव्हता, ट्रॉलीला दिवा नव्हता. ती एकदाबी बोलली न्हाई. मला वाटलं तिला आठवत नसंल."

"तू कधी विचारलंस?"

"काल. ती म्हणली, तुमी कधी सांगताय ते बघायले."

माझ्या धंद्यात अशा वेळी काय म्हणायचं याचा तक्ता भिंतीवर नसतो. शेवटी मला जे येतं तेच मी म्हणाले. "आरसा बघ. मागं कुणी नाही ना? मग सावकाश घे."

त्यानं आरसा बघितला. नंतर मान वळवून मागंही बघितलं. मग गाडी घेतली.

एकविसाव्या दिवशी तो नेहमीच्या वेळी आला आणि मी त्याला सांगितलं, अजून नाही. चौकात तो थांबत होता, पण मी शेजारी आहे म्हणून थांबत होता. हा फरक बाहेरून दिसत नाही. मला दिसतो. तो म्हणाला, "बरं." वाद नाही, कान चोळणं नाही.

त्या दुपारी शेठचा फोन आला. मी मनाची तयारी करून उचलला.

"बाई, निखिलनं मला सांगितलं," ते म्हणाले. "मोबाईलचं."

"हं."

"साऱ्या मोंढ्याला मी सांगत फिरलो, बाई. त्या ट्रॉलीवाल्याचं नाव घेऊन सांगत फिरलो. काल त्याच्या गावी जाऊन आलो. त्याला बी सांगितलं."

"काय म्हणाला?"

"चहा पाजला. दुसरं काई बोलला न्हाई. एक सांगू का, बाई? त्या टायमाला तुमी सही दिली नसती तर मी दुसरीकडून आणली असती."

"आणली असती, शेठ. पण ती माझी नसती."

फोनमागं मोंढ्यातला कालवा ऐकू येत होता, कुणी तरी पोत्यांचा पुकारा करत होतं.

"मंग आता किती दिवस लागतील त्याला?"

"सांगता येत नाही."

"अदमासे?"

"शेठ, खरंच सांगता येत नाही."

मला वाटलं आता पेढ्यांचा विषय निघेल, ओळखीचा निघेल. शेठ म्हणाले, "बरं. राहू द्या तुमच्याकडं. घाई न्हाई."

गेल्या आठवड्यात जिंतूर रोडला एक म्हातारी भाजीची पाटी घेऊन रस्ता ओलांडायला उभी होती. निखिल लांबूनच हळू झाला आणि थांबला. ती काही निघेना; तिला खात्री वाटेना. मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न धरला. निखिलनं काच खाली करून म्हातारीला हातानं जा म्हणून सांगितलं आणि ती पलीकडं पोचेपर्यंत वाट बघितली. मी खिडकीतून बाहेर बघत होते, म्हणजे तसं दाखवत होते. त्यानं माझ्याकडं एकदाही पाहिलं नाही.

संध्याकाळी मी ह्यांना हे सांगितलं. हे म्हणाले, "मग करायची का सही?"

मी म्हणाले, आपणहून एकदाच थांबलाय.

उद्या सकाळी सात वाजता त्याचा एक्केचाळिसावा दिवस आहे.